हुंकारापुरता दम

तीनेक आठवड्यांपूर्वी एका पहाटे अंगणातल्या फरशीवर पाय ठेवला आणि तळव्याला गार लागलं. म्हटलं, आली एकदाची थंडी. सोलापूरची थंडी ती काय, असं म्हणून बाहेरगावचे लोक हसतात. हसू देत बापडे. वर्षाचे बाकीचे महिने आम्ही तव्यावर काढतो, तेव्हा मार्गशीर्ष-पौषातल्या या चार गार सकाळींचं आम्हाला केवढं कौतुक असतं ते त्यांना काय कळणार. शाल गुंडाळून मी जरा वेळ नुसतीच उभी राहिले. कुठूनतरी धुराचा वास आला. आता घरोघरी बंब कुठले राहिलेत म्हणा, पण वास आला खरा.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि केतकी आत आली. केतकी माझी सून. बँकेत नोकरी, घरात दोन पोरं, आणि दिवाळीपासून पळायला जायचं हे नवीन खूळ. खूळ मी कौतुकानं म्हणते. चेहरा लालबुंद, कपाळाला केस चिकटलेले, बघणाऱ्याला वाटावं की काय छान दिसतेय पोरगी. पण ती मनगटावरच्या घड्याळाकडं अशी बघत होती की कुणाच्या आजारपणाची बातमीच आलीय त्यात.

"काय झालं गं? कुत्रं मागं लागलं?"

"नाही हो आई. पेस बघा ना. दोन महिने झाले, अंतर वाढतंय पण वेग आहे तिथंच. आज तर उलट कमीच झाला."

मी स्वयंपाकघरात चहा टाकला आणि पेस म्हणजे काय ते तिनं मला समजावून सांगितलं. किती अंतराला किती वेळ लागला, बरोबरच्या बायकांना किती लागला, सगळं त्या घड्याळात दिसतं आणि फोनवर जगाला दिसतं. "सगळ्या पुढं गेल्या. मी आपली शेवटी, एका काकूंबरोबर. मला वाटतं हे काही माझं काम नाही. जानेवारीतल्या शर्यतीतनं नाव काढून घेते."

"शेवटी होतीस, पण थांबलीस का मधे?"

"थांबले नाही. काकू त्यांच्या मुलीच्या लग्नाचं सांगत होत्या. बोलत बोलत आलो घरापर्यंत."

मला असं हसू आलं की चहा उतू गेला. केतकी बघतच राहिली. सासू आपल्याला हसते की काय, असं तिला वाटलं असणार. मी तिला कपबशी दिली आणि म्हटलं, बस इथं. तुला आमच्या आण्णांची शिकवणी मिळालीय, आणि तुला ते माहीतही नाही.

आण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे मोडनिंबचे, तरुणपणी सोलापूरला गिरणीत आले आणि वीणखात्यात साचे चालवू लागले. साचे म्हणजे गिरणीतले माग. मी सांगतेय तो हिवाळा सत्तरच्या दशकातला. मोठा दुष्काळ मागं पडला होता, पाऊस बरा झाला होता आणि विजापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली होती. आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर त्या रस्त्याला, कंबर तलावाच्याही पलीकडं. आता तिथं सगळ्या सोसायट्या झाल्यात. तेव्हा घराच्या मागं शेत सुरू व्हायचं आणि सकाळी दार उघडलं की दवानं भिजलेल्या कडब्याचा वास घरात यायचा.

मी नुकती बी. ए. झाले होते आणि मुलींच्या एका शाळेत तात्पुरती लागले होते, मैदानावर. कॉलेजात खो-खो खेळायचे म्हणून मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं होतं. पहिल्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवली आणि ती मला इतकी आवडली की घरी येतानाही काढली नाही. मुली पण लाघवी. तास संपला तरी मैदान सोडायच्या नाहीत, "बाई, अजून एक डाव" म्हणून हाताला लोंबकळायच्या. मला त्या आधी ठाऊक नव्हतं की माणसाला आपलं काम इतकं आवडू शकतं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. म्हणाल्या, "सुलोचना, ही जागा कायम होतेय. पण शारीरिक शिक्षणाचा कोर्स केलेलाच माणूस मला घ्यावा लागेल. तू त्या वर्गात निवडली गेलीस तर वर्षभर मी कशीबशी जागा राखते. नाहीतर दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल." निवडीची चाचणी संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेनंतर, सोलापुरातच. त्यात लांब पळणं होतं. मैदानाला फेऱ्या मारायच्या, मधे चालायचं नाही, आणि चाचणी घेणाऱ्या साहेबांची शेवटची शिट्टी व्हायच्या आत संपवायच्या. मला ती शाळा हवी होती. दुसरं काहीही नको होतं, इतकं ते सरळ होतं.

आता तुम्ही म्हणाल, खो-खो खेळणाऱ्या पोरीला पळायची काय भीती. तिथंच तर घोळ होता. खो-खोत खो मिळाला की बाणासारखं सुटायचं, गडी बाद करायचा नाहीतर दुसरीला खो द्यायचा, आणि बसायचं. बसायचं हे त्या खेळातलं केवढं सुख असतं ते खेळणाऱ्यालाच ठाऊक. मला पळणं म्हणजे तेवढंच माहीत. पहिल्या दिवशी मी घरापासून सुटले ती तलावाच्या बांधापर्यंत सुसाट गेले आणि तिथं कुणीतरी खो दिल्यासारखी मटकन खाली बसले. छातीत भाता, तोंडात रक्ताची चव. मैदानाच्या त्या फेऱ्या डोळ्यांपुढं आल्या आणि मला रडूच आलं.

त्यात एकटीनं अंधारात पळायचं म्हणजे आईचा विरोध. "पोरगी रस्त्यानं पळती म्हणून लोक तोंडात बोटं घालतील," ती म्हणाली. आण्णा डब्याची कडक भाकरी फडक्यात बांधत होते. म्हणाले, "माज्यासंगं येऊ दे की. मी सायकलीवर, ती पळत. पहिल्या पाळीला जायचं तर हायच मला."

"आन लोक?"

"लोक झोपल्याले आसत्यात त्या टायमाला. जागी हायती ती माजी गिरनीतली मानसं, ती काय बोलत न्हाईत."

गिरणीची माणसं बोलत नाहीत हे मात्र खोटं होतं, निदान आण्णांच्या बाबतीत. वीणखात्यात साच्यांचा असा खडखडाट की कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. तिथं सगळं खुणेनं चालायचं. पाळीभर आण्णा खुणेनं बोलायचे, आणि ते न बोललेलं सगळं त्यांच्या पोटात साठायचं. मग गिरणीबाहेर पडले की सुटायचे. आई म्हणायची, ह्या माणसाशी संसार करायचा तर एक कान भाड्यानं आणावा लागेल.

तर आमची वरात निघाली. पहिला भोंगा माणसांना उठवायचा, दुसरा घराबाहेर काढायचा आणि तिसरा झाला की गिरणीचं फाटक लागायचं. आण्णा एरवी दुसऱ्या भोंग्याला निघायचे. त्या हिवाळ्यात ते पहिला भोंगा व्हायच्या आधीच उठून बसायला लागले, कारण माझ्याबरोबर सायकल हळू चालवायची होती. मी पांढरा पंजाबी ड्रेस घातलेला, ओढणी कमरेला गच्च, पायात कॅनव्हासचे बूट. आण्णांच्या डोक्याला मफलर, हँडलला डबा, आणि कॅरिअर माझ्यासाठी मोकळं. दम गेला की मी कॅरिअरवर बसायचं, असं ठरलं होतं.

आणि घर मागं पडायच्या आत आण्णांनी गोष्ट सुरू केली.

त्यांच्या कुणा चुलत्याच्या लग्नाची गोष्ट. मोडनिंबहून वऱ्हाड बैलगाड्यांनी नातेपुत्याला निघालेलं. वाटेत नवरदेवाच्या पायातला एक जोडा पडला. नवरदेव खाली उतरून जोडा शोधायला लागला आणि पुढच्या गाडीला वाटलं तो मागच्या गाडीत आहे, मागच्या गाडीला वाटलं पुढच्या. गाड्या गेल्या निघून. नवरदेव मुंडावळ्या बांधलेला, एका हातात जोडा, भर माळावर एकटा. आता तो चालत लग्नाला निघालाय, आपल्याच लग्नाला. मुहूर्त गाठतो की नाही, ही गोष्ट.

गोष्ट म्हटली की हुंकार आला. सांगणारा सांगतो तेव्हा ऐकणाऱ्यानं मधूनमधून "हं" म्हणायचं, नाहीतर सांगणाऱ्याला वाटतं समोरचा झोपला, आणि तो गोष्ट बंद करतो. हे आमच्याकडं इतकं पक्कं की लहानपणी भांडण झालं तरी हुंकार चुकवायचा नाही. त्यात आण्णांचे कान साच्यांनी अर्धे घालवलेले. पुटपुटलेलं "हं" त्यांना पोचायचंच नाही. चांगलं खणखणीत "हं" हवं. आणि मी तर जीव खाऊन पळतेय, तोंडातून शब्द कुठला निघणार.

आण्णांनी सायकल थांबवली, एक पाय जमिनीला टेकवला. "ऐकायचं नसंल तर तसं सांग. मी गप बसतो."

"तसं नाही आण्णा. दम लागलाय."

"मंग बेतानं पळ की. गोष्ट कुटं पळून चाललीया."

माझी शिकवणी म्हणाल तर एवढीच. मी वेग कमी केला, इतका कमी की हुंकार देता येईल. मला स्वतःची लाज वाटली, कारण शेजारून एक दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लावून आरामात पुढं गेला. पण त्या दिवशी बांध आला आणि मी बसले नाही. बांध मागं पडला, चिंचेचं झाड आलं, आणि मग मात्र मी कॅरिअरवर चढले. गोष्टीत नवरदेव एका धनगराच्या वाड्यावर पोचला होता आणि धनगराची कुत्री त्याच्या मुंडावळ्या बघून भुंकत होती.

आता शिकलेली माणसं सांगतात की सुरुवातीला बोलता येईल इतकंच पळावं. केतकीच्या फोनमध्येही तसं लिहिलेलं आहे म्हणे. आण्णांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना गोष्ट सांगायची होती आणि ऐकणारी हवी होती.

त्या हिवाळ्यात माझी प्रगती मोजायला घड्याळ नव्हतं. मी कॅरिअरवर कुठं चढते ती जागा रोज थोडी पुढं सरकायची. चिंचेपासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून पहिल्या दिव्याच्या खांबापर्यंत. कधी दोन दिवस तिथंच राहायची, एकदा सर्दी झाली तेव्हा मागंही आली. आण्णा त्यावर चकार शब्द काढायचे नाहीत. ते नवरदेवातच गुंतलेले असायचे. सात रस्त्याच्या चौकापर्यंत मी पहिल्यांदा न बसता पोचले तेव्हा ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. मलाच सांगावं लागलं. "व्हय का?" म्हणाले, "मला वाटलं तू मागं बसलीयास."

गिरणीच्या फाटकाशी ते आत जायचे आणि मी उजेडात चालत घरी परतायची. ते परतणं मला अजून आठवतं. अंगाच्या वाफा निघत असायच्या, ओठ थंडीनं फुटलेले, पोटात कावळे. बाजारात ढाळे आलेले असायचे, हरभऱ्याची ती हिरवी झाडं, त्यांची आंब हाताला लागायची आणि बोटं चाटत यावं असं वाटायचं. बोरं, ऊस, कोवळी कणसं. रविवारी शेजारच्या शेतात हुरड्याची आगटी पेटायची. तळहातावर चोळलेला गरम हुरडा आणि शेंगाची चटणी खाऊन जो माणूस आनंदी होत नाही त्याला डॉक्टरकडं न्यावं. रस्त्यावर संध्याकाळी नंदीध्वज पेलायचा सराव चालायचा. ती उंच काठी कमरेच्या पट्ट्यात धरून माणसं पावलापावलानं पुढं जायची, आजूबाजूचे हात पुढं करून सावध उभे. किती वेगानं गेलास, असं तिथं कुणी कुणाला विचारत नसे. तोल राहिला आणि शेवटपर्यंत नेली, की झालं.

पण मी काही तेव्हा इतकी शहाणी नव्हते. केतकीला घड्याळ चावतं तसा मला भोंगा चावू लागला. शाळेत कुणीतरी सांगितलं की चाचणीला येणाऱ्या काही मुली मैदानावर सरावाला येतात आणि एक सर हातात घड्याळ घेऊन उभे असतात. त्या वाऱ्यासारख्या पळणार, आणि मी इथं नवरदेवाला हुंकार देतेय. मी ठरवलं, बास झाल्या गोष्टी. दुसऱ्या भोंग्याला घर सोडायचं आणि तिसरा व्हायच्या आत गिरणीचं फाटक गाठायचं. आण्णा सायकलवर नेहमीच्या चालीनं तेवढ्यात पोचतात, तर मी पण पोचेन.

दुसऱ्या दिवशी आण्णांची सायकल अजून दारातून निघते तोवर मी सुटले. पुन्हा तोच खो-खो. बांध गेला, चिंच गेली, कानात वारं, मागून आण्णांची हाक, सायकलची साखळी उतरली म्हणून, मी वळून बघितलं नाही. विहिरीपाशी बरगडीत कळ आली. तरी रेटलं. सात रस्त्याच्या अलीकडं पोचते न पोचते तोच भोंगा झाला.

तिसरा भोंगा. फाटक लागलं. मी अजून सात रस्त्यावर.

एका बंद टपरीच्या फळीवर मी बसले आणि ढसाढसा रडले. शाळा गेली, शिट्टी गेली, माझ्यामुळं आण्णांची पाळीही गेली. मला वाटलं, मोठ्या बाईंना आजच सांगून टाकावं की दुसरी कुणी बघा. एवढ्यात सायकलची करकर ऐकू आली. आण्णा आले, पाय टेकवला, माझ्याकडं बघितलं.

"का बसलीस?"

"भोंगा झाला आण्णा. मला नाही जमायचं. सांगते मी शाळेत."

आण्णांनी मफलर कानावरून मागं सारला आणि तोंड वर करून वारं बघितलं. मग हसायला लागले. हसताना ते नेहमी हँडलवर वाकायचे. "आगं खुळे, त्यो आपला भोंगा न्हवं. त्यो पलीकडल्या गिरनीचा. वारं फिरलंय आज, म्हनून हिकडं आला. आपला घोगरा, त्यो किनरा. येवडं कळत न्हाय व्हय, गिरनीवाल्याची पोरगी हायस तू."

अहो, सोलापुरातलं शेंबडं पोरगं आपल्या गिरणीचा भोंगा आवाजावरून ओळखायचं. प्रत्येक गिरणीचं घड्याळ आपापलं, कुणाचं पाव तास पुढं, कुणाचं मागं. जन्मापासून ऐकत आलेला आमचा घोगरा भोंगा मी विसरले, आणि कुणाच्या तरी भोंग्यानं मला रडवलं.

"दुसऱ्याच्या भोंग्यावर रडत बसलीस तर आपला चुकंल की," आण्णा म्हणाले. "ऊठ. मारुतीच्या देवळापतुर आला हुता बघ नवरदेव, आन देवळात जोडं काढावं का न्हाय हेच त्येला समजंना. येकच जोडा हुता न्हवं का."

मी डोळे पुसले आणि उठले. पहिलं "हं" हुंदक्यातूनच निघालं. दुसरं जरा बरं निघालं. आम्ही आपल्या बेतानं निघालो आणि फाटक दिसलं तेव्हा कुठं आमचा घोगरा भोंगा वाजू लागला. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं आण्णांसाठी लहान दार धरून ठेवलं. बसून रडले तेवढं सोडलं तर मी पूर्ण रस्ता पळून आले होते, हे मला परतताना बाजारात उमगलं. मी तिथंच उभी राहून एकटीच हसले आणि ढाळेवाल्या बाईनं मला मूठभर ढाळे फुकट दिले.

त्यानंतर मी रोज पूर्ण पळाले. कॅरिअरवर आण्णांनी डबा बांधायला सुरुवात केली. भोगीला आईनं तीळ लावलेली बाजरीची भाकरी केली, संक्रांत झाली, गड्डा भरला, आकाशपाळण्यात बसून मी सगळं सोलापूर बघितलं, आणि चाचणीचा दिवस आला.

"खाडा करतो, येतो संगं," आण्णा म्हणत होते. मी नको म्हटलं. ते समोर असते तर मी त्यांच्याकडंच बघत राहिले असते. त्या सकाळी त्यांनी मला पळू दिलं नाही, कॅरिअरवर बसवलं. नवरदेव आता ओढ्यापर्यंत आला होता. ओढ्याला पाणी. पलीकडं मांडव दिसतोय, सनई ऐकू येतेय, भटजींनी अंतरपाट धरायला काढलाय आणि अक्षता वाटून झाल्यात.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय, गिरनी आली," असं म्हणून आण्णा उतरले. "ऱ्हायल्यालं तू पळून आल्यावर." आणि गेले आत.

मैदानावर पाठीला आकड्याचे कागद टाचलेल्या मुली रांगेत उभ्या होत्या. शिट्टी झाली आणि सगळ्या अशा सुटल्या की धुळीत मला समोरचं दिसेना. माझे पायही सुटलेच, जित्याची खोड. अर्धी फेरी झाली आणि बरगडीत ओळखीची कळ आली. मी वेग कमी केला. पाठी बघता बघता लांब गेल्या. शाळेचं मैदान डोळ्यांपुढं येत होतं. म्हणून मी मोठ्यानं म्हटलं, "हं."

"कुणाशी बोलतेस, अक्का?"

शेजारी एक ठेंगणी मुलगी पळत होती, अनवाणी, दोन्ही वेण्या वर बांधलेल्या. दुधनीची महादेवी. तीही माझ्यासारखीच मागं राहिलेली.

"गोष्ट ऐकतेय."

"मग मला पण सांग की. मला लई भीती वाटायलीय बघ."

मी तिला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मोडनिंबचं वऱ्हाड, पडलेला जोडा, धनगराची कुत्री. महादेवी हुंकार द्यायची तो असा, "हूं. मुंद?" मुंद म्हणजे कानडीत पुढं. ती मुंद म्हणायची आणि आम्ही पुढं जायचो. मारुतीच्या देवळाशी ती इतकी हसली की साहेबांनी मान वळवून बघितलं. हळूहळू समोर पाठी दिसायला लागल्या. कुणी कमरेवर हात ठेवलेले, कुणी चालायला लागलेल्या, त्यांना बाजूला काढत होते. आम्ही त्यांच्या शेजारून गोष्ट सांगत गेलो. ओढा आला तेव्हा शेवटची फेरी संपली. साहेबांची शेवटची शिट्टी अजून त्यांच्या तोंडातही गेली नव्हती. आमच्या मागं बऱ्याच जणी होत्या. पहिली कोण आली ते मला आजतागायत माहीत नाही.

महादेवी गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेली, घाम टपटपतोय, आणि विचारते काय, "मुंद? पोचला का नवरदेव?"

मी म्हटलं, "मलाच ठाऊक नाही. आण्णांना विचारते."

पुढं गिरण्या एकेक करून बंद पडल्या. भोंगे थांबले. पहिल्या पहिल्यांदा सकाळी शहर मुकं झाल्यासारखं वाटायचं, मग सवय झाली. आण्णा त्याच्या आधीच निवृत्त झाले होते. म्हातारपणी त्यांच्या छातीत कापसाची घरघर राहिली. मी शाळेतून सुटले की आम्ही दोघं कंबर तलावाच्या कडेनं चालायचो, अगदी मुंगीच्या पावलांनी. सांगायची पाळी आता माझी होती. कुठल्या मुलीनं कसा गडी बाद केला, कोण जिल्ह्याला गेली, कुणी माझी शिट्टी लपवली. आण्णा एका हातानं माझा दंड धरायचे आणि म्हणायचे, "हं." तो हुंकार येतोय तोवर मला काळजी नसायची. आला नाही की मी थांबायची, त्यांना बाकावर बसवायची, आणि मग पुन्हा निघायचो. त्या चालण्याला किती वेळ लागला, कुणाला ठाऊक. मला ते फिरणं अजून पुरतं.

तर केतकी. नाव काढायचं नाही, असं मी तिला बजावलं. दुसऱ्या दिवसापासून मी माझी बॅटरीवरची गाडी बाहेर काढली. मुलगा म्हणाला, "आई, या वयात, इतक्या पहाटे?" मी म्हटलं, गाडी बॅटरीवर चालते, माझ्यावर नाही. आता रोज आम्ही दोघी तलावाच्या रस्त्याला जातो, ती पळत, मी गाडीवर, डोक्याला मफलर. मी मोडनिंबचं वऱ्हाड हाकते आणि तिच्याकडून खणखणीत हुंकार वसूल करते. हुंकार लांबला तर मी गाडी हळू करते, म्हणजे तिलाही हळू व्हावंच लागतं. घड्याळ ती अजून बांधते, पण तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला गेलीय. काल तर ती नेहमीच्या वळणावरून परत फिरायची विसरली. पुढच्या बाया तिला हाक मारून गेल्या. तिनं नुसता हात हलवला आणि मला म्हणाली, "मग? देवळात जोडा काढला का त्यानं?"

रविवारी तिची शर्यत आहे. आज नवरदेवाला मी ओढ्यावर आणून सोडला आणि गाडी बंद केली. केतकी कमरेवर हात ठेवून उभी. "आई, असं नका ना करू. पोचतो का तो?"

"तू आधी पळून ये."

तिला वाटतं सासूबाई मुद्दाम छळतायत. तिला काय सांगू, मला तरी आधी कुणी सांगितलं होतं.

त्या दिवशी निवडीची नावं वाचून झाली आणि मी मैदानावरून थेट गिरणीच्या फाटकावर गेले. पाळी सुटायचा भोंगा झाला, आमचा घोगरा, आणि माणसांचा लोंढा बाहेर आला. सगळ्यांच्या केसांत, भुवयांत कापूस. त्यात आण्णा सायकल हातात धरून आले. त्यांनी माझ्या बुटांकडं बघितलं. पांढरे बूट मुरमाच्या धुळीनं तांबडे झाले होते. माझ्या तोंडात सकाळपासून एकच प्रश्न घोळत होता, तोच आधी बाहेर पडला.

"आण्णा, नवरदेव पोचला का?"

पाळीभराच्या खडखडाटानं त्यांना ऐकू आलं नाही. मी आणखी मोठ्यानं विचारलं. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

आण्णांनी सायकल थांबवली. "तू पोचलीस का?"

"पोचले. नाव लागलं माझं."

"मंग त्योबी पोचला की."

असं म्हणून त्यांनी भुवईवरचा कापूस पुसला, डोळेही त्याच हातानं पुसले, आणि कॅरिअरवरचा डबा सोडून हँडलला अडकवला. "बस."

मी म्हटलं, "नको. तुम्ही चला हळूहळू, मी येते पळत. दुसरी गोष्ट सुरू करा."